शहापूर-मुरबाड : औद्योगिकीकरण आणि बदलते ग्रामजीवन
(शहापूर येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘औद्योगिकीकरण’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर एक उंच चिमणी उभी राहते. शाळेच्या पुस्तकात हे प्रकरण लँकेशायरपासून सुरू होते. हारग्रीव्ह्जचे सूतकताईचे यंत्र, जेम्स वॉटचे वाफेचे यंत्र, मँचेस्टरच्या गिरण्या, गाव सोडून शहराच्या चाळींत कोंडलेली माणसे. मुले हे पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरून जातात. दोष मुलांचा नाही. आसनगावच्या अथवा टोकावड्याच्या मुलाला त्या प्रकरणात आपले गाव कोठेच दिसत नाही. आज मला त्या प्रकरणात आपली दोन गावे, नव्हे, आपले दोन तालुके दाखवावयाचे आहेत.

शहापूर आणि मुरबाड ह्या तालुक्यांत कारखाना सर्वांत शेवटी आला. त्यापूर्वी सुमारे सव्वाशे वर्षे औद्योगिकीकरण येथे येतच होते; मात्र ते देण्यासाठी कमी आणि नेण्यासाठी अधिक आले. त्याने रूळ टाकले, लाकूड नेले, कोळसा नेला, पाणी नेले आणि शेवटी माणसाचे श्रमही नेले. ह्या व्यवहाराच्या अटी ठरत होत्या तेव्हा आपण कोठे होतो, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम रुळांचे पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८५५ मध्ये, गाडी वासिंदला पोहोचली होती, ही गोष्ट वासिंदच्या शाळेतील किती मुलांना सांगितली जाते? १८६१ मध्ये रूळ कसाऱ्यापर्यंत गेले. पुढे थळघाट. सदतीस फुटांमागे एक फूट असा तेथील चढ. गाडी वर ढकलण्यासाठी कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडावी लागतात, ती याच चढामुळे. घाटाचे काम पुरे होऊन १८६५ मध्ये मार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला.

एवढा खर्च आणि एवढे कष्ट कशासाठी? प्रवाशांच्या सोयीसाठी हे काम काढले गेले नव्हते. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणि तेथून लँकेशायरला जलद पोहोचावा, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो भाव कोसळला व मुंबईतील भले भले व्यापारी बुडाले. म्हणजे पुस्तकातले मँचेस्टर आणि आपला कसारा हे एकाच दोरीची दोन टोके होते.

मुरबाडची कथा याहून वेगळी आहे. सातवाहन काळापासून जुन्नर ते कल्याण हा व्यापारी मार्ग नाणेघाटातून उतरत असे आणि मुरबाडच्या भूमीवरून जात असे. घाटमाथ्यावरील दगडी रांजणाला परंपरेने जकातीचा रांजण म्हणतात. रेल्वेने थळघाट आणि बोरघाट हे दोन घाट निवडले. एक लोहमार्ग मुरबाडच्या उत्तरेने गेला, दुसरा दक्षिणेने. मधल्या मुरबाडच्या वाटेला बैलांच्या तांड्यांची ओसरत जाणारी वाहतूक तेवढी उरली. औद्योगिकीकरण ज्या गावाला शिवते तेथे बदल होतो हे आपण जाणतो. ज्या गावाला ते वळसा घालते तेथेही तेवढाच बदल होतो, हे मात्र आपण विसरतो.

रुळांपाठोपाठ जंगलाचा प्रश्न आला. स्लीपर, इमारती लाकूड आणि जळण यांची मागणी वाढू लागली, तसे सरकारला जंगलाचे मोल कळले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांच्या सीमा आखल्या. आपल्यासमोर राब म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. पाला, फांद्या, शेण पसरून रोपाची जमीन भाजल्यावाचून येथला शेतकरी भाताचे रोप टाकत नसे. त्या फांद्या तोडण्याच्या हक्कावरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. लोहमार्गाला लागणारे लाकूड आणि राबाला लागणारी फांदी एकाच डोंगरावरची होती.

या बदलाचा सर्वांत खोल घाव कातकरी समाजावर बसला. त्यांचे नावच त्यांच्या धंद्यावरून पडलेले आहे. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते कातकरी. खैर राखीव झाला आणि हा स्वतंत्र धंदा हातचा गेला. पुढे मुंबईच्या चुली-शेगड्यांना कोळसा हवा होता, म्हणून कातकरी कुटुंबे ठेकेदारासाठी जंगलात कोळसा पाडू लागली. रॉकेल आणि गॅस घरोघर पोहोचल्यावर तीही मागणी आटली. मग कल्याण, डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई ही नगरे उभी राहू लागली. त्यांना विटा हव्या होत्या. कातकरी वीटभट्टीवर गेला. तीन पिढ्यांत तीन धंदे बदलले. पहिल्या धंद्यात तो आपल्या मालाचा धनी होता, दुसऱ्यात ठेकेदाराचा मजूर झाला आणि तिसऱ्यात पावसाळ्यात घेतलेल्या उचलीचा देणेकरी झाला.

ही उचल कशी चालते हे तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी नीट समजून घ्यावयास हवे. श्रावण-भाद्रपदात घरात धान्य नसते. त्या वेळी मुकादम बयाणा देतो. दिवाळीनंतर सारे कुटुंब, लहान मुलांसह, भट्टीवर जाते. विटांचा हिशेब हजारावर. आठवड्याला खर्ची मिळते ती पोटापुरती. हंगामाच्या अखेरीस हिशेब होतो. तो लिहिणारा एक आणि ऐकणारा दुसरा. ऐकणाऱ्यास लिहिता-वाचता येत नसेल तर फिटलेली रक्कमही पुन्हा बाकी दिसू लागते. वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. त्याखाली जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. एखादा मजूर उचल फिटेपर्यंत भट्टी सोडून जाऊ शकत नसेल, तर त्याला ‘कराराने बांधलेला’ म्हणून सोडून देता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो वेठबिगार ठरू शकतो. आमच्या कार्यालयांतून ह्या प्रकरणांकडे अनेकदा मजुरीचा तंटा म्हणून पाहिले जाते, हे मी येथे स्पष्टपणे म्हणतो.

आता पाण्याकडे वळू. शहापूर तालुक्याविषयी बोलताना पाण्यावाचून बोलणे अशक्य आहे. मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. गिरण्या वाढल्या, माणसे वाढली, आणि १८६० चा विहार तलाव अपुरा पडू लागला. म्हणून १८९२ मध्ये तानसा धरण पुरे झाले. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर झाला. त्याला मुंबईचे अभियंता ना. वि. मोडक यांचे नाव आहे. भातसा नदीवरील धरणाचे काम १९८० च्या दशकात पूर्णत्वास गेले. त्याची उपयुक्त साठवण सात लाख सतरा हजार दशलक्ष लिटर असून मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी त्यातून मिळते. २०१४ मध्ये मध्य वैतरणेची त्यात भर पडली. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९७२ मध्ये त्यानेच बारवी बांधले. हे पाणी डोंबिवली, अंबरनाथ, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांना व वसाहतींना जाते.

आणि तरीही चैत्र-वैशाखात शहापूरच्या पाड्यांत हंडे घेऊन रांगा लागतात व तहसील कार्यालयात टँकरची यादी तयार होते. यावर वर्तमानपत्रे दरवर्षी लिहितात. ‘धरण उशाशी, कोरड घशाशी’ हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्याने कोणास काही वाटेनासे झाले आहे. कारण समजून घेतले तर अधिक उपयोग होईल. धरणे दरीत असतात, पाडे डोंगरउतारावर असतात. मुंबईकडे पाणी खाली वाहत जाते. पाड्याकडे ते वर चढवावे लागते आणि त्यासाठी पंप, वीज व वर्षानुवर्षे देखभाल लागते. शहराच्या योजनेत हा खर्च धरला जातो, कारण शहराची पाणीपट्टी तो उचलू शकते. दोनशे वस्तीच्या पाड्याची पट्टी उचलू शकत नाही. काळा कातळ अडीच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊसही पोटात ठेवीत नाही. म्हणूनच शहापूरच्या गावांसाठी इगतपुरी तालुक्यातील उंचावरच्या भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याची योजना हाती घ्यावी लागली. मुंबईला पाणी पाजणाऱ्या तालुक्याला स्वतःसाठी नाशिक जिल्ह्यातून पाणी मागावे लागले, हे अभियांत्रिकीच्या दृष्टीने बरोबर असेल. पण तानशाचा आराखडा झाला तेव्हाच पाड्यांसाठी वेगळा विचार झाला असता, तर ते मागावे लागले नसते.

ह्या धरणांचा इतिहास एका विशेष क्रमाने वाचता येतो. तानशाच्या वेळी आपल्या गावांनी अटी घालण्याचा प्रश्नच नव्हता. भातशाचे काम चालू असतानाच १९७६ मध्ये महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. विस्थापिताला जमीन व गावठाण मागण्याचा आधार मिळाला, जरी तो मिळवताना अनेकांचे आयुष्य सरले. बारवीची उंची वाढवण्याच्या वेळी मुरबाडच्या बाधित गावांनी पैशाबरोबर घरटी नोकरी मागितली आणि दीर्घ पाठपुराव्यानंतर महामंडळ व पाणी घेणाऱ्या महापालिका यांतून नोकऱ्या देण्याचा निर्णय झाला. काळू नदीवरील धरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले तेव्हा वन खात्याची मंजुरी मिळालेली नव्हती. ग्रामसभांचा विरोध होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले व २०१२ मध्ये न्यायालयाने काम थांबवले. धरण हवे की नको, ह्या वादात मी येथे शिरत नाही. शासनाच्या सेवेत असलेल्या माणसाने ते बोलूही नये. एवढेच पाहावे, की १८९२ मध्ये ज्यांना कोणी विचारले नाही, त्यांच्याच नातवंडांच्या ग्रामसभेचा विरोध २०१२ मध्ये विचारात घ्यावा लागला. मधल्या एकशेवीस वर्षांत त्या डोंगरांत शाळा आल्या होत्या.

कारखाना मात्र प्रथम तालुक्याबाहेरच आला. अंबरनाथला १९२० च्या दशकात आगपेट्यांचा मोठा कारखाना निघाला. स्वातंत्र्याच्या सुमारास मोहने येथे आणि पुढे शहाड येथे कृत्रिम रेशमाचे कारखाने उभे राहिले. शहाड तर मुरबाडच्या रस्त्यावरच. मुरबाडचा तरुण एस.टी.ने आणि शहापूरचा लोकलने तेथे पाळीला जाऊ लागला. भातशेती चार महिन्यांची, पगार बारा महिन्यांचा. लग्नाच्या बोलण्यात ‘मुलगा कंपनीत पर्मनंट आहे’ हे वाक्य एकरांच्या आकड्याहून जड ठरू लागले. अशा कायम नोकरीने एका पिढीत पक्के घर, मुलीचे शिक्षण आणि म्हाताऱ्याचे औषध ह्या तिन्ही गोष्टी साधल्या. मोहन्याचा तो कारखाना २००९ मध्ये बंद पडला, तेव्हा हजारो घरांची चूल एकदम मंदावली.

शासनाने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आखली, ती उद्योग मुंबई-ठाणे-पुण्यातच साचू नयेत म्हणून. विक्रीकरात सवलत, भांडवलावर अनुदान असे तिचे स्वरूप. मुंबईपासून जवळ आणि तरीही मागास गणले गेलेले असे हे दोन तालुके कारखानदारांच्या नजरेत भरले. १९८० च्या दशकात वासिंदला पोलादाचा कारखाना आला, मुरबाडला औद्योगिक वसाहत वाढली, आसनगाव-आटगाव परिसरात शेड उभ्या राहिल्या. आता आपला दिवस आला, असे लोकांना वाटले, आणि ते स्वाभाविक होते.

परंतु त्याच दशकात मुंबईत काय घडत होते ते पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत, कापडाचे काम आपल्या शेजारच्या भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. संपातून कारखानदारांनी एक धडा घेतला: कायम कामगारांची मोठी फौज एका छपराखाली ठेवू नये. म्हणजे ‘कायम कामगार’ ही व्यवस्था मुंबईत ज्या काळी खचली, नेमक्या त्याच काळी कारखाना आपल्या दाराशी आला. तो आला तो कंत्राटदाराला बरोबर घेऊनच. वडील शहाडला पर्मनंट होते, मुलगा मुरबाडला घराजवळ काम करतो, पण दर काही महिन्यांनी त्याला ब्रेक मिळतो आणि गेटपासवर कंपनीचे नाव नसून ठेकेदाराचे असते. कारखाना जवळ आला आणि नोकरी दूर गेली, असे हे विलक्षण झाले आहे. शिवाय सवलत भांडवलाला होती. स्थानिक मुलाला यंत्र शिकवण्याला नव्हती. सवलतीची मुदत संपली तशी काही शेडना कुलपे लागली, हे मुरबाडकरांनी पाहिले आहे. योजनेचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण ज्या गोष्टीला आपण अनुदान देतो तीच वाढते, आणि आपण शेडना अनुदान दिले.

घरातील आणि शेतातील बदलांविषयी थोडेच सांगतो, कारण ते आपण रोज जगता. पूर्वी पहाट जात्यावर होत असे. पिठाची गिरणी आणि भातगिरणी आल्यावर बायांचे जाते व उखळ-मुसळ सुटले. औद्योगिकीकरणाचा निर्विवाद म्हणावा असा हा एक लाभ आहे, आणि कोणी त्याचा गौरव करीत नाही. मात्र वाचलेल्या वेळेत विश्रांती आली नाही. पुरुष पाळीला गेल्यामुळे शेत बाईच्या अंगावर आले. कसाऱ्याहून सुटणाऱ्या पहाटेच्या लोकलमध्ये पळसाची पाने, करवंदे, रानभाज्यांच्या पाट्या घेऊन कल्याण-ठाण्याच्या बाजाराला जाणाऱ्या स्त्रिया ह्या उद्योगनगरीच्याच कामगार आहेत, पण कोणत्याही हजेरीपटावर त्यांचे नाव नाही. आवणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतावर जाण्याची सावड मोडत चालली, कारण सावडीला सर्वांची रजा एकाच दिवशी पडावी लागते. पावसाला पाळी कळत नाही आणि सुपरवायझरला आवणी.

जमिनीचेही तसेच. १ एप्रिल १९५७ रोजी, कृषकदिनी, येथील असंख्य कुळे कायद्याने जमिनीची मालक झाली. त्यांच्याच मुला-नातवांनी गेल्या चार दशकांत त्यांपैकी बरीच जमीन फार्म हाउसांना विकली, आणि काही त्याच जमिनीवर माळी किंवा राखणदार म्हणून राहिले. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला व ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. तोही शहापूर तालुक्यातून जातो. १८६५ चा लोहमार्ग, आग्रा रस्ता आणि हा महामार्ग हे सर्व एकाच दिशेने धावतात. त्यांच्या कडेने आता गोदामे येतील, येत आहेत. मोबदल्याचा पैसा काही घरांत एकदाच आला. तो घरात, गाडीत आणि लग्नात गेला, यासाठी मी कोणाला दोष देणार नाही. ज्याने कधी लाख रुपये एकत्र पाहिले नव्हते, त्याला गुंतवणुकीविषयी सांगायला आधी कोणी गेले नव्हते.

मग पंचायतीने करावे काय? गोदाम वा कारखाना येतो तेव्हा तो बांधकामाच्या परवानगीसाठी, पाण्यासाठी, रस्त्यासाठी कोठे ना कोठे ग्रामपंचायतीशी संबंध जोडतोच. त्या वेळी आपण बहुधा मंदिराचा कळस, कमान किंवा क्रिकेटच्या स्पर्धेसाठी वर्गणी मागतो. त्याऐवजी गावातल्या आय.टी.आय. झालेल्या किती मुलांना शिकाऊ म्हणून घ्याल, ठेकेदार कोण, त्याने मजुरांचा भविष्यनिर्वाह निधी भरला का, हे विचारावे. उत्तरे ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवावी. शहापूर-मुरबाडमधील जी गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत, तेथे १९९६ चा पेसा कायदा व महाराष्ट्राचे २०१४ चे नियम ग्रामसभेला बरेच अधिकार देतात. हे अधिकार इतिवृत्ताच्या वहीवाचून चालत नाहीत. काळूच्या प्रकरणातही ठराव कागदावर होते, म्हणून ते कामी आले.

शिक्षकांना एक विनंती. ह्या मंडळींचा इतिहास प्रकल्प म्हणून मुलांकडून लिहून घ्या: आजोबा काय करीत, वडील काय करतात, गावातून काय बाहेर गेले, काय आत आले. सातवीच्या मुलाला हे जमते. त्याला लँकेशायरही मग अधिक चांगले समजेल.

आणि एक काम तातडीचे. दिवाळी झाली की भट्ट्या लागतात. त्याआधी, म्हणजे येत्या पंधरवड्यात, प्रत्येक वाडीवरून कोणती कुटुंबे कोणत्या भट्टीवर जाणार, कोणी किती उचल घेतली आणि त्यांच्याबरोबर शाळेतील किती मुले जाणार, याची नोंद ग्रामपंचायत अधिकारी व मुख्याध्यापक यांनी मिळून करावी. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेला त्याला नाकारता येणार नाही. उचलीची यादी तहसील कार्यालयाकडे पाठवावी. ज्येष्ठात कुटुंब परतेल तेव्हा हिशेब ताडून पाहायला ती एकच वही असेल. नमुन्याचे तक्ते बाहेरच्या टेबलावर ठेवलेले आहेत. ते भरताना ज्या अडचणी येतील असे आपल्याला वाटते, त्या आताच विचाराव्यात. उरलेला वेळ मी प्रश्नांसाठी ठेवतो.